टोकाचे चार तास

धरणाचं पाणी त्या साली भिंतीवरच्या तिसऱ्या खुणेखाली गेलं, आणि त्याच आठवड्यात पाटकरीण मावशी पाटाच्या कडेवरून घसरली नि घोटा मोडून बसली. पाणी कमी असलं तरी वाटणारं माणूस खमकं असलं म्हणजे निभतं, असं एरवी म्हणणारे लोकही त्या दिवशी गप्प झाले.

पाटावर बारा खातेदार होते. दर अठरा दिवसांनी चार दिवस पाणी सुटायचं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, आणि प्रत्येकाला चार तास मिळायचे. पाळी टोकापासून सुरू व्हायची आणि वर चढत चढत धरणाजवळच्या संत्र्याच्या बागेत संपायची. प्रत्येकाच्या रानाला पाटातून एक लोखंडी दार, दाराला चाक, चाकाला कुलूप. बाराही किल्ल्या मावशीच्या कमरेला.

टोकाचं रान पाहुण्यांचं. पाहुणे म्हणजे एक आई आणि तिची मुलगी. वडील दूरच्या बंदरावर कामाला, सहा-सहा महिने तिकडेच. या देशात येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, तरी गावाच्या तोंडी त्या पाहुण्याच होत्या. वसाहत कचेरीने त्यांना ही पट्टी कसायला दिली होती, ती एका अटीवर. तीन हंगाम लागोपाठ उभं पीक दाखवायचं, मग जमीन कायमची त्यांची. दोन हंगाम झाले होते. हा तिसरा. आईने सबंध पट्टीवर घेवडा लावला होता, आणि सकाळी उठली की चूल पेटवण्याआधी ती बांधावर जाऊन एकदा त्याच्याकडे बघून यायची. काही करायची नाही. नुसती बघायची.

मुलगी तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. त्या वर्षी तिला 'नेतृत्व आणि लोकसेवा' असा एक विषय होता, आणि त्यासाठी साठ तास कुठेतरी लोकांच्या कामी यायचं होतं. बाकीच्या मुलामुलींनी ग्रंथालय धरलं, दवाखान्याची खिडकी धरली. ही विचारच करत होती, तोवर मावशीचा निरोप आला.

पाटावरच्या एका खोलीत मावशी राहायची. पाय उशीवर ठेवून बसली होती.

"सायकल आहे ना तुझी?"

"आहे."

"वाचता येतं, घड्याळ कळतं, आणि पहाटे उठतेस. तुझ्या घरातला दिवा मी बघते रोज. पाय बरा होईस्तोवर किल्ल्या तू घे."

मुलगी दचकली. "मावशी, लोक काय म्हणतील? आम्ही पाहुणे."

"म्हणतील ते म्हणतील. मी लागले कामाला तेव्हा बाई म्हणून म्हणाले होते. एक-दोन वर्षं म्हणतात, मग तोंड दुखतं त्यांचं."

तिने किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. जड होता. मुलीने तो कमरेला बांधला तर ओढणी एका बाजूला ओघळली. मावशी हसली.

"एक सांगते. माझा तीस वर्षांचा नेम आहे. पाणी सुटायच्या आदल्या सकाळी सगळा पाट चालायचा, टोकापासून वर. वरून खाली नाही. वरून निघालं की टोकाला पोचेपर्यंत माणूस दमतो, आणि मग म्हणतो, असेल बरं सगळं. आता माझा नेम तुझ्याकडे."

मग पुढचे दहा दिवस मुलगी कॉलेजातून आली की मावशीच्या खोलीवर जाई. मावशी खाटेवरून शिकवी. वाहत्या पाण्यात पान टाकून वेग कसा बघायचा. चाक फिरवताना जोर पाठीतून न लावता मांडीतून कसा लावायचा. दार बंद करण्याआधी हाक मारायची, खातेदाराने मान वर केली की मगच चाकाला हात घालायचा. कुणी टाकून बोललं तर त्याचं उत्तर तोंडाने द्यायचं, दाराने द्यायचं नाही.

"आणि कुणाच्या घरी चहा प्यायचा का, मावशी?"

"प्यायचा तर बाराही घरी प्यायचा. मी पिते. पोट बिघडतं, पण तक्रार येत नाही."

मुलगी हे सगळं वहीत उतरवून घ्यायची. हाताला चाकाचे फोड आले होते, तिथे चिंधी बांधून लिहायची.

आईला किल्ल्यांचा अभिमान वाटला की भीती, ते कळलं नाही. तिला इथली भाषा तोडकीमोडकीच येत होती. दुकानात, कचेरीत, दवाखान्यात मुलगी म्हणेल ते इथलं म्हणणं, आणि मुलगी सांगेल तो इथला नियम. रात्रीची भाजी चिरताना ती एवढंच म्हणाली, "मोठ्या माणसांना हुकूम द्यायचाय. आवाज खाली ठेव हो."

पाळीच्या आदल्या दिवशी मुलगी पाट चालली. दुसरं रान कोबीवालीचं. कोबीवाली म्हणजे रुंद हाडाची, कायम कमरेवर हात ठेवून उभी राहणारी बाई. तिने किल्ल्यांकडे बघितलं.

"अगंबाई, किल्ल्या घरात गेल्या म्हणायच्या. या वर्षी घेवडा हिरवागार होणार तर."

"काकू, सगळ्यांना चारच तास."

"मी कुठे काय म्हटलं? मी घेवड्याचं कौतुक केलं."

वरच्या टोकाला बागवाले दादा भेटले. संत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. ते वाईट माणूस नव्हते, पण मुलीचे उच्चार ऐकले की त्यांना हसू यायचं, आणि ते लपवायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. "या साहेबीणबाई," ते म्हणाले, आणि तिच्या बोलण्याची नक्कल करत पुढे म्हणाले, "च्यार तास." सावलीतले दोघे गडीही हसले. मुलीचे कान तापले. तिने मान खाली घालून वहीच्या पानावर खूण केली आणि सायकल वळवली. वाटेत तिने दहादा 'चार' म्हणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सहाला पाणी सुटलं, आणि टोकाला पोचलंच नाही.

सव्वासहा झाले, साडेसहा झाले. आई फावडं घेऊन पहिल्या सरीच्या तोंडाशी उभी होती. मुलगी सायकल हाणत वर गेली. कोबीवालीच्या रानाच्या अलीकडे पाटाचा भराव उंदरांनी पोखरलेला होता, तो आतून ढासळला होता आणि पाणी पडीक रानात धो धो चाललं होतं. मुलीने ओरडून आईला बोलावलं. आई धावत आली, लुगडं खोचून मांडीभर चिखलात उतरली. मुलगी काठावर रचून ठेवलेली वाळूची पोती फरफटत आणायची, आई ती खाली दाबायची, गुडघ्याने, मग छातीने. एक पोतं बसलं की दुसरं सरकायचं. पाणी तिच्या तोंडावर उडायचं आणि ती एका हाताने ते पुसून तोच हात परत चिखलात घालायची. भोक बुजलं तेव्हा नऊ वाजले होते. आईचे ओठ निळे पडले होते. ती काठावर बसून दोन श्वास घेऊन उठली आणि फावडं घेऊन रानाकडे चालू लागली, कारण आता पाणी तिच्या सरीत येणार होतं.

आलं. आईने सऱ्यांची दारं धरली. एक सरी भरली की फावड्याने माती ओढून तिचं तोंड बंद करायचं, दुसरीचं उघडायचं. तहानलेल्या जमिनीत पाणी आधी नुसतं जिरतं, पुढे सरकतच नाही. तासाभरात जेमतेम निम्मं रान झालं असतं, तेही झालं नाही.

दहाला कोबीवाली खांद्यावर फावडं टाकून आपल्या दाराशी येऊन उभी राहिली. नुसती मुलीच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

पाट फुटला, दुरुस्तीत वेळ गेला, तर तो वेळ बारा जणांनी सारखा सोसायचा, हे मावशीने सांगितलं होतं. वहीत तिसऱ्या पानावर होतं. तीन तास गेले म्हणजे प्रत्येकाची पंधरा मिनिटं. आईचं पाणी पाऊण वाजेपर्यंत चालायला हवं होतं, आणि मग बाकी सगळ्यांच्या पाळ्या पुढे सरकायला हव्या होत्या. मुलीला हे पाठ होतं. पण त्यासाठी कोबीवालीला आत्ता सांगायला लागणार होतं, काकू, अजून पावणेतीन तास थांबा, माझ्या आईचं व्हायचंय. मग उरलेल्या दहा दारांशी जाऊन तेच. आणि शेवटी बागेत जाऊन त्या खुर्चीसमोर.

ती टोकाच्या दाराशी गेली. हाक मारली. "आई, दहा वाजले."

आईने मान वर केली. "बंद करतेस?"

"नियम आहे. दहा म्हणजे दहा."

आईने मागे वळून कोरड्या सऱ्यांकडे बघितलं. मग मान हलवली. "नियम आहे तर कर बाई. तुझं काम तुला माहीत."

मुलीने चाक फिरवलं. लोखंडी पत्रा खाली बसला.

त्या चार दिवसांत तिचं नाव झालं. पाट फुटूनही कुणाचं मिनिट गेलं नाही, हे कोबीवालीने स्वतःच सगळीकडे पसरवलं. "स्वतःच्या आईचं तोडलं हो पोरीने, आमच्याला हात लावला नाही." बागवाल्या दादांनी शेवटच्या दिवशी खुर्चीतून उठून तिला चार संत्री दिली. या खेपेला नक्कल केली नाही. "पाहुण्यांना रीत कळते," ते म्हणाले. त्या रात्री मुलीने वहीत लिहिलं, पुढारी स्वतःच्या ताटात शेवटी वाढून घेतो. कॉलेजात विषय शिकवणाऱ्या बाईंनी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं. पोरांनी बाकं वाजवली. मुलगी लाजून खिडकीबाहेर बघत राहिली, आणि तिला बरं वाटलं. खूप दिवसांनी या देशात तिला बरं वाटलं.

घेवड्याच्या मागच्या सऱ्यांनी आठव्या दिवशी माना टाकल्या.

आईने घरामागच्या हातपंपावरून पाणी वाहायला सुरुवात केली. दोन डबे, मध्ये बांबू, बांबू खांद्यावर. पंपापासून मागच्या सऱ्यांपर्यंत जायला दोनशे पावलं. एका डब्यात चार रोपं भिजायची. मुलगी पहाटे आणि कॉलेजातून आल्यावर हात लावायची, पण दिवसभर आईच. तिसऱ्या दिवशी खांद्याची कातडी सोलवटली. तिने पदराची घडी करून खाली ठेवली आणि बाजू बदलली.

"राहू दे ना आई. जेवढं येईल तेवढं येईल."

"अगं, नियमाने एक तास मिळाला, तर एका तासात भागवायला शिकायला हवं. पुढेही नियम तोच राहणार." आई डबा कलता करत म्हणाली. "तुझे वडील काय म्हणायचे? परक्याच्या घरी गेलं की त्यांच्या घड्याळाने जेवावं."

मुलीच्या हातातला डबा हिंदकळला. ती पुढच्या रोपाकडे वळली.

अकराव्या दिवशी कचेरीचे पाहणीवाले साहेब आले. अंगाने बारीक, टोपी घातलेले. पुढच्या सऱ्या बघून खूश झाले. मागच्या बघून थांबले. एक रोप बोटाने उचललं, सोडलं, ते पुन्हा पडलं.

"पट्टीचा तिसरा हिस्सा गेलेला आहे," ते मुलीला म्हणाले, कारण आई बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "उभं पीक म्हणजे सबंध पट्टीवर उभं. मला असं लिहिता येत नाही. पुढची पाळी कधी?"

"सात दिवसांनी."

"मग त्यानंतर चार दिवसांनी येतो. मुळं जिवंत आहेत अजून. पोटभर पाणी मिळालं तर उठतील. उठली तर सही करीन. नाही उठली तर," त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, "मला वाईट वाटेल. तुम्ही मेहनत केलीय."

आईने विचारलं, काय म्हणाले. मुलीने सांगितलं. आईने फक्त बांबू उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. काठी टेकत, दर पन्नास पावलांवर थांबत, सगळी वाट चालून. पाय अजून सुजलेलाच होता. कुणी ये म्हटलं नव्हतं. पाहणीवाले साहेब काय म्हणाले ते तिच्या कानावर गेलं होतं.

ती मागच्या सऱ्यांच्या कडेला उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली. मग काठीने माती उकरली. वीतभर खाली धूळ.

"हे कसं?" तिने आईला विचारलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "चार तास पाणी. मग हे कोरडं कसं?"

आईने खांद्यावरचा बांबू उतरवला. तिला उत्तर द्यायचा आनंद झाला, कारण तेवढे शब्द तिच्याकडे होते. "पाट फुटला. नऊ वाजता पाणी. दहा वाजता बंद." आणि मग मुलीकडे कौतुकाने बघून, "नियम."

"कुठला नियम?" मावशी म्हणाली.

आई हसत होती, ती थांबली. तिने मावशीच्या तोंडाकडे बघितलं, मग मुलीच्या. मुलगी डबा धरून उभी होती. डब्यातलं पाणी अजिबात हलत नव्हतं. आईने नजर खाली घेतली आणि लुगड्याला लागलेला चिखल नखाने खरवडायला लागली. तो वाळलेला होता. निघत नव्हता.

मावशी बांधावर बसली. "ये इकडे."

मुलगी गेली.

"पंधरा मिनिटं मागायची होती एकेकाकडे. मागितली का नाहीस?"

"ते म्हणाले असते, आईसाठी मागते."

"मग?"

मुलीने हातातला डबा बांधावर ठेवला.

"मग म्हणू द्यायचं होतं. अगं, लोकांना नावं ठेवायला पाणी लागत नाही, ते तसेही ठेवतात." मावशीचा आवाज चढला नाही. पाय दुखत होता म्हणून ती मधेच डोळे मिटायची. "तुला वाटलं, तू आपलं दिलंस. ते तुझं होतं का? मी इथे लागले तेव्हा पाळी वरून सुरू व्हायची. टोकाला पाणी कधी पोचलं तर पोचलं. ही जमीन ओसाड होती, काट्यांनी भरलेली. टोकाचे चार तास आधी, हे या लोकांच्या गळी उतरवायला मला अकरा वर्षं लागली. बाई, अकरा. बागवाल्याचा बाप माझ्याशी मरेपर्यंत बोलला नाही. आणि तू एका सकाळी त्यातले तीन सोडून आलीस, चार संत्र्यांवर."

मुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने पुसलं नाही.

"पुढच्या वर्षी तुमच्या शेजारी अजून दोन घरं येणार आहेत, तुमच्यासारखीच. त्यांना उद्या कुणी म्हणेल, टोकाला एक तास पुरतो, मागे पुरला होता. त्यांच्यात तुझ्यासारखी शिकलेली नसेल. मग ती कुणाला विचारतील?"

"मी आता काय करू, मावशी?"

"ते मी नाही सांगणार. किल्ल्या तुझ्याकडे आहेत." मावशीने काठी रोवली आणि मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. उठताना तिने तोच हात क्षणभर तिच्या डोक्यावर ठेवला. "मीही पहिल्या वर्षी चुकले होते. ते मात्र कधीतरी सांगीन. बरं वाटेल तुला."

ती गेल्यावर आई आणि मुलगी दोघी पाणी वाहत राहिल्या. दोन खेपा झाल्या, तीन झाल्या. चौथ्या खेपेला आई म्हणाली, "तुला लाज वाटली असेल त्यांच्यापुढे. ते मला कळतं. मला रोज वाटते." तिने डबा खाली ठेवला. "पण मला म्हणाली असतीस, आई, मला भीती वाटते, तर मी स्वतः चाक फिरवलं असतं. नियम कशाला सांगितलास गं? मला दुसरं कोण सांगणार आहे इथे?"

"चुकलं, आई."

"हं," आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने मुलीच्या हातातला बांबू आपल्या हातात घेतला, कारण पुढची वाट चढाची होती.

सोमवारी कॉलेजात मुलगी तास संपल्यावर बाईंच्या टेबलाशी थांबली. "बाई, तुम्ही वाचलेलं ते वाक्य खोटं आहे. ते ताट माझं नव्हतं. आईचं होतं." आणि सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "आता तू काय करणार आहेस?" त्यांनी विचारलं. मुलीने तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "साठ तास तुझे कधीच भरले आहेत. तुला थांबायचं असेल तर थांबू शकतेस." मुलगी म्हणाली, "नाही. अजून एक पाळी आहे."

पाळीच्या आदल्या पहाटे तिने पाट टोकापासून चालायला घेतला, आणि प्रत्येक खातेदाराला सांगितलं, सात वाजता वर धरणाजवळच्या मोठ्या दाराशी या, पाच मिनिटांचं काम आहे. मावशी तिथेच आपल्या खोलीच्या पायरीवर बसून होती, पण तोंड फिरवून वाटाणे सोलत होती. आईला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिली. खातेदार तीही होतीच.

मुलगी बोलायला लागली तेव्हा तिचे उच्चार नेहमीपेक्षा जास्तच बिघडले. "मागच्या पाळीला पाट फुटला. तीन तास गेले. ते सगळ्यांचे सारखे जायला हवे होते. मी ते एकट्या टोकाचे घेतले. ते मी चुकीचं केलं. उद्या प्रत्येकाची पंधरा मिनिटं कमी होतील आणि ती टोकाला परत मिळतील. टोकाचं पाणी उद्या सहा ते पाऊण वाजेपर्यंत चालेल. बाकीच्या वेळा या कागदावर आहेत."

लोक कागदावर वाकले.

"म्हणजे आईला पावणेसात तास?" बागवाले दादा म्हणाले. "आणि मागच्या खेपेला टोकाचं एका तासात भागलं, ते काय होतं? मी तर म्हणणार होतो की टोकाला तेवढं पुरतं."

"नाही भागलं, दादा. मागचं रान वाळलं. आई तेव्हापासून हातपंपाचं पाणी खांद्यावर वाहते."

लोकांनी मागे वळून बघितलं. आईने घाईने पदर सोलवटलेल्या खांद्यावर ओढला.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" कुणीतरी विचारलं.

"तुम्हाला घाबरले."

"आम्हाला?" दादा म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं. "पंधरा मिनिटांसाठी? अगं, मी पंधरा मिनिटं तर खुर्चीतून उठायला घेतो."

हशा पिकला. या वेळी मुलीलाही हसू आलं, पण तिने कागद खाली ठेवला नाही. "मग इथे खूण करा, दादा. सगळ्यांनी करा. पुढे कुणी म्हणायला नको, टोकाने जास्त घेतलं."

दादांनी खूण केली, जरा रेंगाळून, वेळ दोनदा वाचून. काहींनी कुरकुर केली. एकाने खूण न करताच पाय आपटत वाट धरली, आणि मावशी वाटाण्यावरची नजर न काढता त्याच्या नावाने म्हणाली, "याचा बापही असाच होता, सही संध्याकाळी आणून द्यायचा." त्याने संध्याकाळी आणून दिली.

मागच्या सऱ्या चौथ्या दिवशी उठल्या. सगळ्या नाही, कडेची काही रोपं गेली ती गेलीच. पाहणीवाल्या साहेबांनी टोपी काढून दोन फेऱ्या मारल्या आणि सही केली. जमीन आईच्या नावावर झाली. पण आईला त्या हंगामाचं काही विचाराल तर ती सहीचं सांगत नाही. ती पाळीच्या दिवशीचं सांगते.

त्या दिवशी साडेबारालाच कोबीवाली फावडं घेऊन आपल्या दाराशी आली होती. कागदावर पाऊण होता, खूण तिचीच होती, तरी ती कमरेवर हात ठेवून घड्याळाकडे बघत उभी राहिली. आई मागच्या शेवटच्या तीन सऱ्यांत होती. चिखलात घोट्यापर्यंत, पाठीत वाकलेली. तिने कोबीवालीला बघितलं, आणि सवयीने तिचे हात भरभर चालायला लागले. एक सरी अर्धी भरली नाही तोच ती तोंड बंद करायला गेली.

मुलगी टोकाच्या दाराशी होती. तिचा एक हात चाकावर होता. तो तिने काढून घेतला.

"काकू," ती म्हणाली, "अजून पंधरा मिनिटं आहेत. बसा."

कोबीवाली तिच्याकडे बघत राहिली. मग तिने फावडं आडवं टाकलं आणि बांधावर बसली. "पाय दुखतात म्हणून बसते हो," ती म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून नाही."

"हो काकू."

मुलगी रानाकडे वळली. हाक मारली, पण चाकाला हात लावायची ती हाक नव्हती. "आई, सावकाश."

आईने मान वर केली. मग तिने ओढलेली माती फावड्याने पुन्हा बाजूला केली, आणि पाणी सरीच्या पार शेवटपर्यंत जाईस्तोवर फावड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.